क्रॉफर्डसाहेब आणि त्यांचे मामलेदार

तुळजापूरचा घाट उतरून सोलापुरास येणारा यात्रेकरू पूर्वी मोगलाई सोडून इंग्रजी मुलखात शिरे. मोगलाईत अंमलदाराची मर्जी, इकडे कायदा, ही आपली प्रौढी १८८८ साली फोल ठरली. सोलापूर ज्यात मोडे त्या मध्यभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड (मुंबईच्या मंडईस नाव पडले तेच हे!) कर्जात बुडालेले होते. हणमंतराव या मध्यस्थामार्फत पैसा पोचवावा, नाहीतर बदलीची धास्ती बाळगावी, असे मामलेदारांचे दिवस गेले. दाद मागावी तर अर्ज जावयाचा त्याच साहेबाच्या कचेरीतून! गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने अभयवचन दिले, तेव्हा कोठे तोंडे उघडली. पुण्यास बसलेल्या चौकशी कमिशनाने लाचेचा आरोप शाबीत मानला नाही. आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र १८८९ साली साहेब नोकरीस मुकले. नवल पुढेच आहे. ज्यांच्या जबान्यांवर प्रकरण उभे राहिले, त्या मामलेदारांनाच लाच देणारे म्हणून दूषणे मिळाली व वचन असूनही कित्येकांच्या जागा गेल्या. पैसा देणारा निर्दोष नव्हे, हे खरे. परंतु वरिष्ठाने भीती घालून घेतलेल्या पैशास आम्ही खंडणीच म्हणू. टिळकांनी त्यांची बाजू उचलली आणि त्याच साली पुण्यास जाहीर सभा भरवून, दिलेले वचन पाळा, अशी सरकारकडे मागणी केली.