छप्पन्नचा दुष्काळ आणि दूरदेशीचे पालक

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला अमेरिकेची ओळख प्रथम झाली ती कापसाच्या भावातून. १८६१ साली त्या देशात यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि अमरावतीच्या बाजारात कापसाला पूर्वी न ऐकलेला भाव आला. पुढे १८६७ पर्यंत आगगाडीचा रस्ता अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला भिडला, तेव्हा ज्वारीच्या वावरात कपाशीचा पेरा वाढत गेला तर त्यात नवल नव्हते. परंतु १८९९ साली पावसाने दगा दिला आणि पैशाचे पीक ते पोटाचे पीक नव्हे, हे सत्य घरोघर उमगले. मालकी निजामाची आणि अंमल इंग्रजांचा अशा या मुलुखाची १८९१ च्या खानेसुमारीतील २८,९७,४९१ ही लोकसंख्या १९०१ साली २७,५४,०१६ वर आली. या दोन आकड्यांमधील अंतरात किती घरांचे दिवे विझले असतील, याची कल्पनाही मनाला सोसवत नाही.

मागे उरली ती मुले. जुनी माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, त्या संवत १९५६ च्या आपत्तीत आईबापांना मुकलेल्या लेकरांना ख्रिस्ती मिशनऱ्यांनी अनाथालयांत आश्रय दिला. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने अकोल्यास मुलांचे व खामगावास मुलींचे अनाथालय चालविले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच मोडत असे. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाचे चालक लुई क्लॉप्श यांनी वाचकांपुढे पदर पसरला. १९०० साली ‘क्विटो’ नावाची आगबोट सुमारे २,००,००० बुशेल मका घेऊन मुंबईस निघाली, आणि वर्षाला १५ डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४६ रुपये, देणाऱ्या वाचकाला हिंदुस्थानातील एका अनाथाच्या पालनाचा भार उचलता येऊ लागला. क्लॉप्श स्वतः त्या वर्षी दुष्काळी प्रदेश पाहावयास आले. समुद्रापलीकडच्या पालकाने एका विशिष्ट मुलाला आपले मानावे आणि पुढे त्याच्या भेटीला यावे, या प्रथेची एक मुळी अशी आपल्या मातीत आहे.

या अन्नासोबत नवा धर्मही आला, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. उपाशी मुलाला निवड कसली, हा समाजाचा आक्षेप रास्त होता. परंतु त्या मुलाच्या तोंडात घास घालावयास आपल्यापैकी कितीजण पुढे सरसावले, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे, आणि एकाचे उत्तर दिल्याने दुसऱ्यातून आपली सुटका होत नाही.

दूरदेशीच्या पालकाची आणि मुलाची अशी एक भेट मी लहानपणी अकोल्यास पाहिली आहे. परदेशाहून आलेल्या एका वृद्ध बाईंनी पिशवीतून लिफाफा काढला. त्यात त्यांनी पोसलेल्या मुलीची मराठी पत्रे आणि प्रत्येक पत्राला टाचलेला इंग्रजी तर्जुमा होता. चापूनचोपून वेणी घातलेली ती मुलगी, कोणीतरी पढविलेले आभाराचे वाक्य विसरून, खाली मान घालून उभी होती. पण आपले अक्षर दिसताच तिने पत्र हाती घेतले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. शेळीला दोन करडे झाली, या ओळीपाशी ती थबकताच बाईंनी दोन बोटे वर केली. त्यांना मराठीचे एक अक्षर येत नव्हते, परंतु तर्जुमा वाचून वाचून ती ओळ त्यांना पाठ झाली होती. मुलगी खुदकन हसली.

दानाच्या हिशेबात मूल बहुधा केवळ जमाखर्चाची एक बाब होऊन बसते, आणि पाहुण्यांच्या भेटीत तर त्याचे प्रदर्शन होण्याचे भय अधिक. त्या दुपारी मात्र वाचणारी होती ती मुलगी आणि कान देऊन ऐकणारी होती तिची पालक. जेथे मुलाचे नाव, त्याचा गाव, त्याची भाषा आणि त्याच्या शेळीची करडेसुद्धा कोणी इतक्या ममतेने ध्यानात ठेवतो, तेथेच पोसणाऱ्याला पालक हे नाव शोभते.