काकुड्डेपक : बौद्ध वसतिगृहांचें एक प्राचीन प्रमाण व कांहीं उपेक्षित साधनें

ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेंत प्राचीन भिक्षूंनीं लेणीं वसविलीं, त्याच रांगेवर बुलढाणें शहर वसलेलें आहे. या जिल्ह्यांत, व एकंदर वऱ्हाडांत, बौद्ध समाजाची वस्ती मोठी असून निराधार मुलांस आश्रय देऊन शिकविण्याचे प्रयत्न त्या समाजांत चालत आलेले आहेत. त्यांविषयीं सामान्य समज असा दिसतो कीं, ही कल्पना ख्रिस्ती मिशनऱ्यांपासून उसनी घेतलेली आहे व बौद्ध धर्माशीं तिचा संबंध धर्मांतरानंतर जोडण्यांत आला. या समजाच्या पहिल्या भागास विनयपिटकांत एक उत्तर आहे. दुसऱ्या भागाचा निर्णय जुन्या वसतिगृहांच्या वह्या तपासल्यावांचून होणार नाहीं. या दोन गोष्टी संग्राहकांपुढें मांडणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महावग्गाच्या पहिल्या खंधकांत प्रव्रज्येसंबंधीं एक प्रसंग आला आहे. पंधरा वर्षांच्या आंतील मुलास प्रव्रज्या देऊं नये, असा नियम तेव्हां नुकताच झाला होता. पुढें आनंदाचा उपासक असलेलें एक कुटुंब अहिवातक नांवाच्या रोगानें मृत्यु पावलें. मागें दोन लहान मुलें तेवढीं उरलीं. पूर्वीच्या संवयीनें तीं भिक्षु दिसले कीं त्यांच्याकडे धांवत. भिक्षु त्यांस दूर सारीत, आणि मुलें रडत. नियमाप्रमाणें त्यांस संघांत घेतां येईना, व न घ्यावें तर तीं जगतील कशीं, हा पेंच आनंदापुढें पडला. त्यानें ही हकीकत बुद्धांस निवेदन केली. बुद्धांनीं विचारलें तें इतकेंच, कीं हीं मुलें कावळे हांकूं शकतात काय? आनंदानें होकार देतांच पंधरा वर्षांच्या आंतील ‘काकुड्डेपक’ मुलास, म्हणजे कावळे उडवूं शकणाऱ्या मुलास, प्रव्रज्या देण्याची मोकळीक मिळाली.

अट्ठकथेंत या शब्दाचा अर्थ दिला आहे. डाव्या हातांत ढेंकूळ घेऊन जवळ येणारे कावळे हांकावे व पुढें ठेवलेलें अन्न बसून खावें, इतकी शक्ति ज्याच्या अंगीं आहे तो काकुड्डेपक. येथें मुलाच्या बुद्धीची, कुळाची वा श्रद्धेची परीक्षा नाहीं. स्वतःचें अन्न राखून तें खाण्याइतका तो मोठा आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें आहे. आधीं आश्रय व मग शिक्षण, हा क्रम या प्रसंगांत स्पष्ट आहे. आणि त्यासाठीं नुकताच केलेला नियमही सैल करण्यांत आला, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

याच खंधकांत पुढें राहुलाची कथा येते. राहुलास परस्पर प्रव्रज्या दिल्यानें शुद्धोदनास अत्यंत दुःख झालें, व त्याच्या विनंतीवरून मातापित्यांच्या अनुमतीवांचून मुलास प्रव्रज्या देऊं नये असा नियम ठरला. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत बुद्धांपुढें उभ्या असलेल्या यशोधरा व राहुल यांचें चित्र आहे. पाहणारे त्यांत वात्सल्य पाहतात. परंतु वडिलांकडे आपला वांटा मागणाऱ्या या मुलाच्या कथेनेंच पालकांचा हक्क विनयांत लिहिला गेला, याचें स्मरण थोड्यांसच होतें. सारांश, निराश्रितास घ्यावें, परंतु ज्यास पालक आहेत त्यास त्यांच्या संमतीनेंच घ्यावें, अशीं दोन्हीं तत्त्वें या ग्रंथांत शेजारीं शेजारीं आहेत.

यावरून ही परंपरा अखंड चालत आली, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. महाराष्ट्रांत बौद्ध विहार ओस पडून शेंकडों वर्षें लोटलीं होतीं. अर्वाचीन वसतिगृहांचा उगम निराळ्या गरजेंतून झाला. सरकारी शाळा कायद्यानें सर्वांस खुली झाली, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलास तालुक्याच्या गांवीं कोणी खोली देईना व पाणी मिळेना. बुलढाणें जिल्ह्यांतील पातुर्डा येथें १९२९ च्या मे महिन्यांत अस्पृश्यांची परिषद भरून तीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. पातुर्ड्याची आठवण आजही तेथील विहिरीशीं निगडित आहे. जेथें पाण्याचीच ही स्थिति, तेथें परगांवीं शिकूं इच्छिणाऱ्या मुलाचें काय होत असेल, हें सांगावयास नको. म्हणूनच शाळेइतकीच, किंबहुना शाळेच्याही आधीं, राहण्याजेवण्याची सोय करणें प्राप्त झालें.

विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं मुंबईस निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयानें १९०८ सालीं मिस् क्लार्क बोर्डिंग निघालें. १९२४ सालीं स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें पुढील वर्षाच्या आरंभीं सोलापुरास वसतिगृह काढलें. यांपैकीं एकही संस्था बौद्ध नव्हती. पुढें १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय, व १९५० सालीं औरंगाबादेस पुढें मिलिंद नांवानें प्रसिद्धीस आलेलें महाविद्यालय सुरू झालें. त्याच्या परिसरास नागसेनवन हें नांव मिळालें. सिद्धार्थ, मिलिंद, नागसेन हीं नांवें पाहतां विद्येच्या घरांत बौद्ध धर्म दीक्षेच्या आधींच येऊं लागला होता, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास दीक्षाविधि झाला. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, १ नोव्हेंबर रोजीं, वऱ्हाड मध्यप्रदेशांतून निघून मुंबई राज्यांत आलें. अठरा दिवसांच्या अंतरानें धर्म व राज्य हीं दोन्हीं बदललीं, आणि त्याचा भार मुलांवरही पडला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें ठरलेल्या अनुसूचित जातींच्या यादींत बौद्धांस स्थान नव्हतें. तें १९९० च्या दुरुस्तीनें मिळालें. मधल्या काळांत राज्य सरकारनें ‘नवबौद्ध’ असा निराळा वर्ग मानून सवलती दिल्या. सरकारी निवासी शाळांच्या नांवांत तो शब्द अद्याप टिकून आहे. तरी केंद्राच्या यादीवर अवलंबून असलेल्या हक्कांस हा समाज चौतीस वर्षें मुकला. प्रवेशअर्जांतील धर्माच्या रकान्यांत खरें लिहावें कीं मुलाचा लाभ पाहावा, हा प्रश्न त्या वर्षांत अनेक पालकांपुढें उभा राहिला असला पाहिजे.

ही तूट भरून काढण्यांत समाजाच्या स्वतःच्या संस्थांचा वांटा मोठा आहे. ठिकठिकाणच्या लहान मंडळांबरोबरच, १९७९ पासून महाराष्ट्रांत कार्य करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाच्या ‘बहुजन हिताय’ या शाखेनें अनेक शहरांत वसतिगृहें चालविलीं. पश्चिम विदर्भांतील शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांत बुलढाण्याची गणना होते. तेव्हां आनंदापुढें पडलेला पेंच येथें आजही जुना झालेला नाहीं.

आतां साधनांविषयीं. सनद, बखर किंवा ताम्रपट मिळाला तर आपण तो जिवापाड जपतों. परंतु वसतिगृहाचें दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, किराण्याची वही, वर्गणीचीं पावतीपुस्तकें व पालकांच्या अंगठ्यांचे अर्ज यांस कोणी साधन मानीत नाहीं. संस्था बंद पडली कीं तीं रद्दींत जातात. वस्तुतः मूल कोणत्या गांवाहून आलें, कोणी आणून सोडलें, केव्हां व कां निघून गेलें, हें दुसऱ्या कोणत्या कागदांत सांपडणार? १९५६ च्या आधींच्या व नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्यास धर्माच्या रकान्याचा इतिहासही त्यांतून निघेल, व आरंभीं सांगितलेल्या समजाचा दुसरा भाग कितपत खरा, हें कळेल. हे कागद शोधणाऱ्यांनीं वऱ्हाडाचें राज्य बदललें हें ध्यानांत ठेवून अमरावती व नागपूर येथेंही चौकशी करावी. मात्र हयात व्यक्तींचीं नांवें प्रकाशांत आणूं नयेत. पालकांच्या अनुमतीचा विनयांतील नियम संग्राहकांसही लागू आहे.

अहिवातक रोगांतून वांचलेल्या त्या दोन मुलांचीं नांवें महावग्गांत दिलेलीं नाहींत. प्राचीन ग्रंथास तें क्षम्य आहे. आपल्या काळांतील मुलांच्या नोंदी हातीं असतांना त्या वाळवीच्या स्वाधीन केल्या, तर तो दोष मात्र आपलाच ठरेल.