शेगडीचे कूळ

रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर रस्त्यावर असलेले सिलतरा आज स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोहखनिज न वितळवता कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून केलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या, कारखान्यांसाठी ओळखले जाते. परंतु या मुलखातील छत्तीसगढी घरांत थंडीचे निवारण गोरसी नावाचे मातीचे पात्र करीत आले असून, त्यात छेना म्हणजे गोवऱ्या किंवा धानाचा कोंडा धुमसत ठेवला जातो. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी 1758 मध्ये छत्तीसगढातील रतनपूरच्या गादीवर आले आणि मराठी भाषेचा या प्रदेशाशी राज्यकारभाराचा संबंध जडला. त्या भाषेत याच कामाच्या वस्तूला शेगडी म्हणतात. दोन्ही नावांचा माग काढला असता एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते, ती अशी की त्यांपैकी एकातही थंडी नाही: एकाच्या मुळाशी गाडी आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी दूध.

शेगडी ही शेकण्यावरून आली असे मराठी कानास सहज वाटते, आणि अर्थाच्या दृष्टीने हा तर्क सोयीचाही आहे. मात्र त्याने शब्दाच्या 'गडी' या शेपटाचा उलगडा होत नाही. गुजरातीत 'शेकवुं' हे क्रियापद असूनही वस्तूचे नाव 'सगडी' असेच राहिले आहे, आणि हिंदीत ती 'सिगडी' आहे. अमरकोशात निखारे ठेवण्याच्या पात्राच्या नावांत अंगारधानिका आणि हसन्ती यांच्याबरोबर अंगारशकटी हे नाव येते. शकट म्हणजे गाडा आणि शकटी म्हणजे लहान गाडी. प्राकृतात दोन स्वरांमधल्या 'क'चा 'ग' आणि 'ट'चा 'ड' होणे नेहमीचे असल्याने शकटीची सगडी होण्यात अडचण नाही. मराठीतला एकार तेवढा शेकण्याकडून उसना आलेला असावा. म्हणजे लोकव्युत्पत्ती, अर्थात ध्वनिसाम्यावरून लोकांनी जुळवलेले मूळ, खोटी असूनही तिने शब्दाचा चेहरा बदलला, असे मानणे सयुक्तिक ठरते.

गाडीच का, याचे उत्तर देताना संस्कृतचे कोशकार चाकांवरची शेगडी असा अर्थ देतात. चाके असोत वा नसोत, चूल जागेला रोवलेली असते आणि शेगडी उचलून नेता येते, हा भेद त्या नावाला पुरेसा आहे. याच न्यायाने 'मृच्छकटिक' या शब्दातून, केवळ रूपाकडे पाहिल्यास, मातीची शेगडीही निघू शकेल. पण शूद्रकाच्या त्या नावाच्या नाटकात वसंतसेना जिच्यात दागिने घालते ती रोहसेनाची खेळण्यातली गाडीच असल्यामुळे हा मोह आवरलेला बरा.

हसन्ती, म्हणजे हसणारी, हे नाव काश्मीरकडे नेते. फिरनच्या, म्हणजे काश्मिरी अंगरख्याच्या, आत धरायची कांगडी ही शेगडी काश्मिरी लोक मोगल बादशहांच्या लवाजम्यातील इटालियनांकडून शिकले, असे एक मत मांडले गेले आहे. परंतु मोगलांनी काश्मीर जिंकले ते 1586 मध्ये, आणि बाराव्या शतकातील कल्हणाच्या राजतरंगिणीत हसन्तिका आधीच हजर आहे. तेव्हा हे मत टिकत नाही.

गोरसीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. हिंदी कोशकार तो शब्द गोरस म्हणजे दूध यावरून काढतात आणि दूध तापवण्याची अंगीठी असा अर्थ देतात; उलट बिहारात तशाच मातीच्या पात्राला बोरसी म्हणतात, आणि तेच रूप जुने ठरल्यास दुधाचा संबंध कोसळतो. तरीही दुधाचाच पक्ष बळकट वाटतो, कारण गोवरीची मंद, राखेखाली तासन्‌तास टिकणारी आच दुधाला जशी मानवते तशीच ती रात्रभराच्या उबेला आणि बाळ-बाळंतिणीच्या शेकालाही उपयोगी पडते. स्वयंपाकातला विस्तव पुढे शेकण्यासाठी वापरात आला असावा.

शेकण्याचे काम एवढ्याशा पात्राकडे का आले, याचे कारण घरबांधणीत शोधावे लागते. मैदानी प्रदेशात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली उतरून सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी झाले की भारतीय हवामान विभाग थंडीची लाट मानतो, आणि अशा रात्री रायपूरच्या सपाटीवर थोड्याच येतात. म्हणून इथले घर उन्हाळ्यासाठी बांधले गेले व थंडीचा भार एका पात्रावर सोपवला गेला. कौलांच्या फटींतून धूर आणि वायू निघून जात असल्याने ही व्यवस्था निभावली. सिमेंटच्या छताखाली, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तेच पात्र घातक ठरते, आणि गोवरीच्या जागी दगडी कोळसा आला तरी धोका टळत नाही. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. सिलतऱ्याच्या भट्ट्यांत खनिजातला प्राणवायू ओढून घेतो तो हाच वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसास जाग येण्याची संधीही मिळत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक झाले, असे समजणे चूक आहे. शेकून झाल्यावर गोरसी किंवा शेगडी अंगणात न्यावी. ती पेटती ठेवून बंद खोलीत कोणी निजू नये.