नागपुरात जन्मलेल्या गायतोंडेंचं पहिलं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये का झालं?

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर एक पांढरी, शंखासारखी वळत जाणारी इमारत आहे. गुगेनहाइम म्युझियम. 24 ऑक्टोबर 2014 रोजी तिथे गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या एका मराठी बोलणाऱ्या चित्रकाराचं प्रदर्शन उघडलं. चित्रकार होते वासुदेव संतू गायतोंडे. प्रदर्शन 11 फेब्रुवारी 2015 पर्यंत चाललं आणि नंतर त्याच संस्थेच्या व्हेनिसमधल्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात गेलं.

गायतोंडेंच्या आयुष्यभराच्या कामाचं हे पहिलंच सिंहावलोकन प्रदर्शन होतं. 'सिंहावलोकन' म्हणजे इंग्रजीत ज्याला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात ते. सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चित्रं एकाच ठिकाणी, कालक्रमाने. ते झालं तेव्हा गायतोंडेंना जाऊन 13 वर्षं झाली होती.

मग प्रश्न पडतोच. जे.जे.मध्ये शिकलेल्या, मुंबईत आणि दिल्लीत आयुष्य काढलेल्या माणसाचं पहिलं सिंहावलोकन न्यूयॉर्कमध्ये का?

आधी माणूस समजून घेऊ

जन्म 1924 चा, नागपूरचा. आईवडील मूळ गोव्याचे. वाढले मुंबईत. 1948 मध्ये सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला. हुसेन, रझा, सूझा यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप तेव्हा गाजत होता आणि गायतोंडेंचा त्यांच्याशी संबंध आला. पण गटात रमणारा हा माणूस नव्हता. मित्र त्यांना 'गाय' म्हणायचे. कमी बोलणं, ठरलेली मतं, कुणाच्या दारी न जाणं, यासाठी ते ओळखले जायचे.

पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाची जागा मिळाली. मुंबईतली ती भन्नाट जागा होती. एका खोलीत चित्रकार, दुसऱ्या खोलीत सतार, गच्चीवर नाटक. त्यावर वेगळा लेख होईल. 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. 1971 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 1972 मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीनला राहायला गेले, ते कायमचेच.

चित्रात नेमकं काय असतं?

सुरुवातीची चित्रं पाहिली तर माणसं दिसतात, पॉल क्लीची छाप दिसते. पन्नासचं दशक संपताना आकृत्या विरघळू लागतात. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी कॅनव्हास जवळपास कायमचा उभा केला, आणि आज आपण ज्याला 'गायतोंडे' म्हणून ओळखतो ते चित्र तयार झालं. एकाच रंगात बुडालेला उभा कॅनव्हास, आतून उजेड आल्यासारखा, आणि त्यावर तरंगणाऱ्या, न वाचता येणाऱ्या खुणा.

हे करायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ब्रश जवळपास बाजूला ठेवलेला. रोलरने रंगाचे पातळ थर द्यायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे. कागदाचे फाडलेले किंवा कापलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून दाबायचे आणि उचलायचे. मागे जे उरतं ते चित्र. थर वाळायला वेळ लागतो, आणि त्याहून जास्त वेळ जायचा विचार करण्यात. त्यामुळे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास व्हायचे. बहुतेकांना नावही नाही, फक्त 'अनटायटल्ड' आणि साल.

त्यांना 'अमूर्त चित्रकार' म्हटलेलं आवडायचं नाही. अमूर्त म्हणजे मुळात काहीतरी मूर्त होतं, ते गाळून गाळून आकार उरला. गायतोंडेंचं म्हणणं होतं की माझ्या चित्राची सुरुवातच कुठल्या वस्तूपासून होत नाही. म्हणून ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द वापरायचे. झेन विचार आणि रमण महर्षी यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, हे इथे लक्षात ठेवावं लागतं.

आता गंमत बघा. 1939 मध्ये गुगेनहाइम सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग'! कान्दिन्स्कीची चित्रं हा त्याच्या संग्रहाचा कणा. म्हणजे गायतोंडे एखाद्या परक्या ठिकाणी गेले असं म्हणताच येत नाही. ज्या विचाराच्या घरात त्यांची चित्रं शोभली असती, तिथेच ती पोहोचली.

मग आपल्याकडे आधी का नाही?

पहिलं कारण अगदी व्यावहारिक. चित्रं कमी, आणि ती विखुरलेली. गुगेनहाइमसाठी संधिनी पोद्दार यांनी हे प्रदर्शन उभं केलं तेव्हा सुमारे 45 चित्रं आणि रेखाटनं जमवायला जवळपास 30 संस्था आणि खासगी संग्राहकांकडे जावं लागलं. नाव नसलेलं चित्र शोधायचं, त्याचं साल पक्कं करायचं, मालकाला ते काही महिन्यांसाठी द्यायला राजी करायचं, विमा उतरवायचा, समुद्रापार न्यायचं. यासाठी पैसा लागतो आणि वर्षानुवर्षं फक्त हेच काम करणारी माणसं लागतात. आपल्या सरकारी कलासंग्रहालयांकडे दोन्हींची टंचाई असते.

दुसरं कारण म्हणजे स्वतः गायतोंडे. 1984 मध्ये त्यांना मोठा अपघात झाला. त्यानंतर काही वर्षं कॅनव्हास थांबला, कागदावर शाईची छोटी रेखाटनं तेवढी झाली. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले, पण जगापासून आणखी दूर गेले. स्वतःची जाहिरात हा प्रकार तर आधीही नव्हता. 2001 मध्ये ते गेले तेव्हा कलावर्तुळाबाहेर फारशी हालचाल झाली नाही.

तिसरं कारण, मला वाटतं, जास्त बोचरं आहे. आपण त्यांची दखल घेतली ती किमतीमुळे. डिसेंबर 2013 मध्ये ख्रिस्टीजने मुंबईत भारतातला आपला पहिला लिलाव केला आणि गायतोंडेंचं 1979 चं एक चित्र 23.7 कोटींना गेलं. मथळे तेव्हा आले. 2015 मध्ये दुसऱ्या एका चित्राला 29.3 कोटी, 2021 मध्ये आणखी एकाला 39.98 कोटी मिळाले. प्रत्येक बातमीत आकडा होता, चित्राबद्दल दोन ओळी. मीही अशी एक बातमी केलीये, आणि त्यात चित्राचा रंगसुद्धा लिहिला नव्हता.

इथे एक कायद्याचा मुद्दा आहे. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांचं काम 'राष्ट्रीय ठेवा' ठरलंय. रवी वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय वगैरे. त्यांची चित्रं विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे या यादीत नाहीत. त्यामुळे त्यांची चित्रं जगभर फिरतात, जगाला कळतात, आणि एकदा एखाद्या घराच्या भिंतीवर गेली की तुम्हाआम्हाला दिसत नाहीत. हे बरं की वाईट, यावर कलाक्षेत्रातही एकमत नाही.

इथे बघायची असतील तर?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाची गॅलरी आहे, त्यात गायतोंडे आहेत. दिल्लीत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. मात्र ही दालनं मांडणी बदलत राहतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचारा. मराठीत वाचायचं असेल तर सतीश नाईक यांनी 'चिन्ह'तर्फे काढलेला 'गायतोंडे' हा ग्रंथ आहे.

आणि समोर उभे राहाल तेव्हा फोनवर फोटो काढून पुढे सरकू नका. फोटोत फक्त वरचा रंग येतो. चित्रासमोर पाचेक मिनिटं थांबलं की खालचे थर दिसायला लागतात.