गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर : बिघाड कसा ओळखावा

अनगोळमधल्या बऱ्याच घरांतली गाडी एरवी बाजार, शाळा आणि उद्यमबाग एवढीच फिरते आणि सणावाराला एकदम घाटात जाते. छोट्या फेऱ्यांत लपून राहिलेला दोष मग निपाणीहून परतताना तवंदी घाटात किंवा गोव्याहून येताना चोर्ला घाटात, घरची सगळी माणसे गाडीत असताना समोर येतो. आमच्यापैकी एका सभासदाच्या गाडीचे असेच झाले. चढावर गाडी ओढेना, म्हणून नवा कन्व्हर्टर बसवला. काही महिन्यांत तोही गेला. मूळ दोष एका इग्निशन कॉइलचा होता आणि तो कोणी तपासलाच नव्हता. कन्व्हर्टर सहसा आपणहून खराब होत नाही, दुसऱ्या कशामुळे तरी होतो. ते कारण सापडल्याशिवाय नव्या कन्व्हर्टरवर पैसे घालू नयेत, एवढ्यासाठी ही माहिती देत आहोत.

रचना

इंजिनातून निघालेला धूर आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून कन्व्हर्टरमध्ये, मग पाइप आणि सायलेन्सरमधून बाहेर जातो. कन्व्हर्टरच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी जाळी असते. काही गाड्यांत ती धातूची असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. जाळी साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमध्ये होते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल-हवेचे मिश्रण पाहतो, मागचा कन्व्हर्टरच्या कामावर लक्ष ठेवतो.

आपल्या देशात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाचा थर बसला की हा लेप निकामी होतो. २००० पासून असे पेट्रोल देशभर मिळू लागले.

आवाज

• सकाळी गार इंजिन सुरू करताना ‘टिक्-टिक्’ किंवा ‘फस्-फस्’ आवाज येतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो : मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा मॅनिफोल्डला गेलेली चीर.
• गाडीचा आवाज एकदम घोगरा, मोठा होतो : पाइप किंवा सायलेन्सर गंजून पडलेले भोक. छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, आतले पाणी वाळत नाही आणि पत्रा आतून गंजतो.
• खालून पत्रा खडखडतो : बहुतेक वेळा उष्णतारोधक पत्र्याची क्लिप सुटलेली असते. हे काम किरकोळ आहे.
• गाडी पूर्ण गार असताना डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडे वाजतात : जाळी फुटली आहे. तापलेला डबा पावसात साचलेल्या पाण्यात बुडाला तरी जाळीला चीर जाऊ शकते.

वास आणि धूर

कुजलेल्या अंड्यासारखा वास बराच काळ येत राहिला, तर इंजिनात जास्त पेट्रोल जात असण्याची शक्यता असते. काळा धूरही तेच सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, तर कूलंट इंजिनात शिरते आहे. या तिन्ही गोष्टी कन्व्हर्टरला मारक आहेत. थंडीच्या सकाळी दिसणारी वाफ आणि पाइपातून गळणारे थोडे पाणी यांची मात्र काळजी नको.

चढावर दम

जागेवर गाडी ठीक चालते, पण चढावर किंवा वेगात ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही, तेव्हा जाळी वितळून किंवा चोंदून धुराची वाट अडली असण्याची शक्यता असते. खात्रीसाठी मेकॅनिकला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगावे. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दाब साधारण ३ पीएसआयच्या वर गेला तर पुढे अडथळा आहे. दाब कमी असेल, तर फ्युएल पंप, एअर फिल्टर, क्लच यांकडे पाहावे.

चेक इंजिनचा दिवा

हा दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि जाळी वितळू शकते. वेग लगेच कमी करावा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवावी. दिवा स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत जाता येते, पण दुर्लक्ष करू नये.

स्कॅनरवर ‘पी०४२०’ हा कोड आला की लगेच कन्व्हर्टर बदलायला सांगितले जाते. या कोडचा अर्थ, कन्व्हर्टरचे काम कमी पडते असे संगणकाला वाटते, एवढाच आहे. नेहमीच्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ या दरम्यान सारखे वर-खाली होते आणि मागच्याचे बऱ्यापैकी स्थिर राहते. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यावा. पण पाइपाच्या गळतीतून हवा आत शिरली तरी सेन्सर फसतो.

तपासणीचा क्रम

१. मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत गळती.
२. स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर.
३. ऑइल आणि कूलंट कमी होते का.
४. दोन्ही सेन्सर आणि त्यांच्या वायरी.
५. शेवटी कन्व्हर्टर.

नवा बसवावाच लागला तर जुना परत मागून घ्यावा. त्यातल्या धातूंमुळे त्याला मोडीतही चांगली किंमत येते. ‘आतली जाळी काढून टाकू, गाडी मोकळी पळेल’ हा सल्ला ऐकू नये. ते बेकायदा आहे, दिवा पेटत राहतो आणि गाडी एमिशन तपासणीत अडकते. बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी जागेवर चालू इंजिनात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा फक्त ०.३ टक्के आहे.

जिवाशी संबंधित

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गाडीत धुराचा वास आला, किंवा प्रवासात एकापेक्षा अधिक जणांचे डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली, तर त्याला गाडी लागणे समजू नये. काचा उघडाव्यात, गाडी थांबवून सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नये. एसी लावून थांबलेल्या गाडीत मुलांना झोपवू नये. शेतावर गेल्यावर उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये, तापलेल्या कन्व्हर्टरने ते पेटू शकते.

लांबच्या प्रवासाआधी एका सकाळी गार गाडी सुरू करून पाच मिनिटे नुसते ऐकावे. यातले बरेच दोष त्या पाच मिनिटांत घरच्या घरी कळतात.