हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावती

देशी व्यायाम व खेळांचे शिक्षण देणारी विदर्भातील संस्था. अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत हनुमान आखाड्याच्या रूपाने तिची सुरुवात केली. या आखाड्यामागे राष्ट्रभावनेची प्रेरणा होती. येथे कुस्ती, लाठी, कबड्डी यांबरोबर मल्लखांबही शिकवला जातो. पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल चोळून त्यावर पकडी, उड्या व तोल यांचा सराव होतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालवले.