सावलीचा कारभार

राज्यकारभारातील दीर्घकाळ टिकणाऱ्या कामांची चर्चा निघाली की आपण धरणे, रेल्वे, जमिनीच्या नोंदी यांची नावे घेतो. सावलीचे झाड त्या यादीत सहसा नसते. वास्तविक सावलीसाठी झाड लावणे हे या देशातील राज्यकारभाराच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक आहे आणि तिचा पुरावा दिल्लीतच उभा आहे. फिरोजशाह कोटल्यावरील अशोकस्तंभ फिरोजशाह तुघलकाने १४व्या शतकात टोपरा येथून आणवला. टोपरा आज हरियाणात येते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि या स्तंभावरील मजकूर पुन्हा वाचता आला. त्यातील सातव्या लेखात सम्राट सांगतो की माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, आमराया उभ्या केल्या आणि ठरावीक अंतरावर विहिरी खोदल्या.

मला या लेखात महत्त्वाची वाटते ती वड आणि विहीर यांची जोडी. विहीर अर्थातच वाटसरूंसाठी होती. पण पाण्याची सोय नसलेल्या जागी लावलेले रोप पहिला उन्हाळा काढत नाही, हे त्या काळच्या कारभाऱ्यांनाही ठाऊक असणार.

ही गोष्ट दिल्लीला इतर बहुतेक शहरांपेक्षा अधिक लागू पडते. मुंबई किंवा चेन्नईच्या झाडाला फक्त उष्णता सोसावी लागते. दिल्लीच्या झाडाला एकाच वर्षात दोन टोके सोसावी लागतात. सफदरजंग वेधशाळेची नोंद पाहा. १६ जानेवारी १९३५ रोजी तेथील पारा उणे ०.६ अंशांवर उतरला होता आणि २९ मे १९४४ रोजी तो ४७.२ अंशांवर चढला होता. २९ मे २०२४ रोजी याच ठिकाणी ४६.८ अंश नोंदले गेले. कलकत्त्याहून राजधानी हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी झाली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. म्हणजे नव्या राजधानीची झाडे तरुण असतानाच ही दोन्ही टोके त्यांच्या वाट्याला आली.

शहर आखताना हा प्रश्न समोर होता. लट्येन्स यांच्या आराखड्यात झाड हा इमारतीइतकाच महत्त्वाचा घटक होता. वनसेवेतील क्लटरबक आणि लाहोरहून आलेले उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांच्या कामातून रस्त्यांसाठी मोजक्याच जाती पुढे आल्या. अकबर रोडवर चिंच, जनपथवर अर्जुन, पृथ्वीराज रोड व लोधी रोडवर कडुनिंब, तर अशोक रोडवर आणि आज कर्तव्यपथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपथावर जांभूळ. ऐन उन्हाळ्यात पर्णहीन न होणारी, मोठ्या आकाराची आणि दीर्घायुषी अशी ही निवड होती. रोपे वाढवण्यासाठी हुमायूनच्या मकबऱ्याजवळ रोपवाटिका उभारली गेली. तीच सुंदर नर्सरी २०१८ पासून सुशोभित उद्यान म्हणून लोकांसाठी खुली आहे.

पण जात योग्य निवडली म्हणजे काम संपले असे होत नाही. कडुनिंबाचेच उदाहरण घ्या. मोठा कडुनिंब मे महिन्याच्या उन्हात हिरवागार उभा असतो. त्याचेच वर्ष-दीड वर्षाचे रोप जानेवारीतील एका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री करपून जाते. हिंदीत या गोठवणाऱ्या थंडीला ‘पाला’ म्हणतात. मराठी माणसाला प्रथम गंमत वाटते, कारण आपल्याकडे पाला म्हणजे पाने. दिल्लीत मात्र पाला पडला की पाला जातो.

दिल्लीतील नोकरीच्या काळात मला मिळालेल्या सरकारी निवासस्थानाच्या आवारात एक जुने जांभळाचे झाड आणि एक नवे लावलेले कडुनिंबाचे रोप होते. तेथील वयस्कर माळ्याकडून मी जे शिकलो ते पुढे उद्यानविद्येच्या पुस्तकांशी ताडून पाहिले. बहुतेक सर्व जुळले.

हिवाळ्यासाठी तो रोपाभोवती सरकंड्याच्या गवताची झोपडी बांधत असे. तीन बाजू व माथा बंद आणि आग्नेयेची बाजू उघडी. सकाळचे पहिले ऊन आत यावे आणि उत्तरेचा वारा अडावा, हा हेतू. पाला पडण्याची चिन्हे दिसली की संध्याकाळी आळ्यात हलके पाणी देई. ओली माती दिवसभराची उष्णता कोरड्या मातीपेक्षा अधिक साठवते आणि रात्री सावकाश सोडते. सप्टेंबरनंतर तो नत्रयुक्त खत देत नसे, कारण त्याने कोवळी पालवी फुटते आणि थंडीचा पहिला बळी तीच असते.

उन्हाळ्याचे शास्त्र निराळे आहे. झाड पानांतून पाणी वाफेच्या रूपाने सोडते आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता शोषली जाते. झाडाखालचा गारवा केवळ सावलीचा नसतो, त्यात या बाष्पीभवनाचाही वाटा असतो. मुळांना पाणी मिळेनासे झाले की पानांची सूक्ष्म छिद्रे मिटतात, पान तापते आणि कडा करपू लागतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी रोज थोडे न देता काही दिवसांच्या अंतराने पण खोलवर मुरेल असे द्यायचे. मोठ्या झाडाला ते बुंध्याशी न देता फांद्यांच्या घेराखाली द्यायचे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तिथे असतात. वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर आळ्यात पसरायचा, पण बुंध्याला चिकटू द्यायचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर छाटणी करायची नाही, कारण सावलीत वाढलेली साल एकदम उघडी पडली की पश्चिमेच्या उन्हाने तडकते. कोवळ्या खोडाला चुना लावण्यामागेही ऊन परतवण्याचे कारण आहे.

यातील एकही गोष्ट खर्चिक नाही. गवत, पाणी, चुना, वाळलेला पाला आणि वेळेवर येणारा माणूस एवढेच लागते. अडचण नेमकी या शेवटच्या बाबीत आहे. माळी निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी राहिली. त्याच सुमारास संबंधित कार्यालयाने आवाराच्या ‘सुधारणे’त जांभळाच्या बुंध्यापर्यंत सिमेंटच्या फरश्या बसवल्या. पुढच्या उन्हाळ्यात झाडाचा शेंडा वाळू लागला. फरश्या काढण्यासाठी मी पत्र लिहिले, तर अंदाजपत्रकात बसवण्याची तरतूद आहे, काढण्याची नाही, असे उत्तर आले. एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. त्याचा हवाला दिल्यावर फरश्या निघाल्या. झाड वाचले, पण एका बाजूची मोठी फांदी गेली ती गेलीच.

येथे प्रशासनाच्या पद्धतीचा प्रश्न येतो. आपले आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. वृक्षारोपण जुलै-ऑगस्टमध्ये होते, छायाचित्रे निघतात, आकडे वर जातात आणि उद्दिष्ट पूर्ण होते. रोप मरते ते जानेवारीच्या पाल्यात किंवा पुढच्या मे महिन्याच्या लूमध्ये. तोवर एक तर अहवाल गेलेला असतो किंवा नवे वर्ष सुरू झालेले असते. अधिकारीही दोन-तीन वर्षांत बदलून जातो. रोप लावल्याची नोंद मिळते, मेल्याची मिळत नाही.

हे बदलता येते, याची उदाहरणेही आहेत. दिल्लीच्या २०२० च्या वृक्ष स्थलांतर धोरणात हलवलेल्या झाडांपैकी किमान ८० टक्के एक वर्षानंतर जिवंत असावीत, अशी अट घातली गेली. मोजणी लावण्याची नव्हे, तर जगण्याची व्हावी हे तत्त्व त्यात आहे. माझ्या मते एक वर्ष पुरेसे नाही. दिल्लीसारख्या हवामानात किमान तीन हिवाळे आणि तीन उन्हाळे पाहून मगच रोप ‘लागले’ असे म्हणावे. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. वृक्षारोपणाच्या मंजुरीतच तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम असावी. जिवंत झाडांची मोजणी फेब्रुवारीच्या अखेरीस आणि जूनच्या अखेरीस व्हावी. आणि अधिकाऱ्याच्या बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना खुर्च्या-टेबलांच्या यादीबरोबर आवारातील झाडांचीही यादी, त्यांच्या स्थितीसह, द्यावी.

शेवटच्या सूचनेवर काही सहकारी हसले होते. पण निवासस्थानातील खुर्ची दहा वर्षांत मोडते आणि तिची नोंद असते. जांभूळ शंभर वर्षे सावली देते आणि त्याची नोंद नसते. यातील कोणती मालमत्ता अधिक मोलाची, हे मे महिन्यातील दुपारी आवाराबाहेर रिक्षा लावून त्या सावलीत विसावणाऱ्या माणसाला विचारावे.